वापरलेली साल

४ फेब्रुवारी

चिरंजीव मिरीस, काकांचे आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्रथम एक गोष्ट नमूद करतो. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना माथ्यावर 'तीर्थरूप' लिहावे लागते. तू नुसते 'काका' लिहून थेट विषयाला हात घातला आहेस. प्रयोगशाळेत पदवीवर पदवी मिळाली म्हणून मायना माफ होत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु चौथीत मायना पाठ करून घेत असत.

आता विषय. काकूच्या आजाराचे मूळ आपल्या परसातील विहिरीत असू शकेल, असे तू लिहितेस. हे वाचून मला खेद झाला. विहिरीपलीकडची भिंत आमच्या मुलामा कारखान्याची होती, हे तू जाणतेस. त्या कारखान्यात हौदांचा मुकादम मी होतो. लोकांच्या घरातील नळ, कड्या आणि बोल्ट यांना जी चकाकी आहे, ती माझ्या देखरेखीखाली चढलेली आहे. सांडपाणी जाळीतून गाळल्याशिवाय नाल्यात सोडले जात नसे आणि ती जाळी मी स्वतः उभा राहून धुवून घेत असे. कारखाना बंद पडून काळ लोटला. ज्याने आपल्याला जेवू घातले, त्याच्यावर मागाहून बोट ठेवणे मला योग्य वाटत नाही.

काकूच्या पायांवरची सूज उतरलेली नाही. मूत्रपिंडे थकली आहेत, असे डॉक्टर म्हणतात. हाडे दुखतात म्हणून ती भरलेले पातेले उचलू शकत नाही. सबब ते मी उचलतो. चुलीपाशी मला पाहून तिला हसू आवरत नाही.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखविले आणि पाणी पाठविणार नाही, असे सांगितले. ती म्हणाली, "पोरीनं बाटलीभर पाणी मागितलंय, तुमची मुकादमी नाही मागितली. द्या की. विहीर काय आटणार आहे?"

तेव्हा बाटली पाठवीत आहे. ती तिच्या आज्ञेवरून पाठविली आहे, माझ्या संमतीने नव्हे, याची नोंद घ्यावी. फोन करू नये. मला त्यातले नीट ऐकू येत नाही, आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानात उभे राहून घरातले बोलणे मला पसंत नाही.

तुझा काका


२१ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

बघा, लिहिलं. काकूला सांगा की तिची मिरी सुधारतेय.

पाणी तपासलं. मीच तपासलं, दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. काका, पाण्यात शिसं आहे आणि कॅडमियम आहे. हो, बोल्टांना गंज लागू नये म्हणून तुम्ही ज्याचा मुलामा द्यायचात तेच. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. तुम्ही जाळी धुवून घेत होता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मीठ पाण्यात विरघळलं की जाळीत अडकत नाही ना, तसाच हा धातू. जाळीचा दोष नाही आणि जाळी धरणाऱ्याचाही नाही. वर्षानुवर्षं तो जमिनीत उतरला आणि तिथून विहिरीत आला. हा धातू आधी मूत्रपिंडं धरतो आणि मग हाडं. काकूला जे होतंय ते असंच दिसतं.

मला माहीत आहे, माझ्याकडे राहायला या म्हटलं तर तुम्ही येणार नाही. विकतचं पाणी घ्या म्हटलं तर, पाणी काय विकायची वस्तू आहे का, असं विचाराल. आणि पालिकेचा नळ तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकलाय. म्हणून सोबत एक नळी पाठवतेय आणि पुडीची पाकिटं.

आमच्याकडे सध्या याच कामावर प्रयोग चालू आहेत. संत्र्याच्या साली. रसवाला पिंपं भरभरून फेकतो त्या आम्ही आणतो, धुतो, वाळवतो, दळतो, चुन्याच्या निवळीत भिजवून पुन्हा धुतो. या पुडीतून पाणी हळूहळू झिरपलं की धातूचे कण सालीला चिकटतात आणि पाणी पुढे जातं. रसायन आहे का असं तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते: नाही. नुसती साल आहे. झाडाची, निरुपद्रवी. काकूला बिनघोर द्या.

नळी उभी टांगा. पाणी थेंबथेंबच पडलं पाहिजे, घाई नको. दर रविवारी जुनी पूड काढून नवं पाकीट भरा. महिन्याभरानं गाळलेलं पाणी बाटलीतून पाठवा, मी तपासत राहीन.

काकूला म्हणावं, थोडं बरं वाटलं की मला तिच्या हातचं पत्र हवंय. दोन ओळी चालतील.

मिरी


१६ मार्च

चिरंजीव मिरीस, काकांचे आशीर्वाद.

मायना पाहून समाधान वाटले. तुझ्या निष्कर्षावर मी वाद घालीत नाही. तू तपासले आहेस, मी तपासलेले नाही. एवढेच म्हणतो की, ते पत्र मी वाचले त्या दिवशी भिंतीपलीकडे पाहणे मला नकोसे झाले.

नळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगली आहे. तू पाठविलेली पकड कमकुवत होती. मी पितळी पकड बसविली. सांधा असा बसला आहे की, थेंब चुकून बाहेर जात नाही. थेंबाचा वेगही मी घट्ट धरून ठेवला आहे. मुलाम्याच्या कामातही घाई करणाऱ्याचा पापुद्रा सुटत असे.

काकू पलंगावरून नळीकडे पाहात असते. पहिल्या दिवशी पेला तोंडाला लावून म्हणाली, "अहो, पाण्याला संत्र्याचा वास येतोय. सरबताचं नाव काढून पाणीच पाजताय मला." मी म्हटले, तो तुझा भास आहे. ती म्हणाली, "भास तर भास. एवढी वर्षं विहिरीचं पाणी प्यायले, त्यालाही तुम्ही गोडच म्हणत होतात."

पूड दर रविवारी बदलतो. वापरलेली पूड मी वाया जाऊ देत नाही. या घरात कोणतीच वस्तू वाया जात नाही, हे तू येथे वाढली असल्याने जाणतेस.

गाळलेल्या पाण्याची बाटली सोबत आहे. काकूने दोन ओळी लिहिण्यास बोरू घेतला होता, परंतु बोटे दुखली. तिने सांगितले ते लिहितो: 'मिरे, केस विंचरत जा.'

तुझा काका


२९ मार्च

तीर्थरूप काका,

आनंदाची बातमी! गाळलेल्या पाण्यात कॅडमियम जवळजवळ नाहीच. शिसंही नाही. तुमचा सांधा आमच्या इथल्या सांध्यांपेक्षा घट्ट असणार. माझ्या वरिष्ठांना आकडा दाखवला, ते खूश झाले.

पण एक विनंती, आणि रागावू नका. पूड वाया जाऊ देत नाही म्हणजे काय? वाळवून पुन्हा नळीत भरताय ना? तसं करू नका हो. एकदा साल भरली की भरली, मग ती काही धरत नाही. पाकिटं हवी तेवढी पाठवते, इथे तरी काटकसर नको. काकूच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

केस विंचरलेत. खरंच.

मिरी


१२ एप्रिल

चिरंजीव मिरीस, आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मी दुखावलो आहे आणि ते लपविण्याचे मला कारण दिसत नाही. स्वतःच्या पत्नीच्या पाण्यात मी काटकसर करीन, असे तुला वाटले. नळीत मी दर रविवारी नवीच पूड भरतो. पाकीट फोडताना काकू पाहात असते, तिला विचारून खात्री करावी. जुन्या पुडीचे काय करावे, हे तू लिहिले नव्हतेस. ते मी माझ्या बुद्धीने ठरविले आहे व ते योग्य आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

काकूच्या दुखण्याला उतार पडल्यासारखे वाटले. मागील आठवड्यात ती दारापर्यंत चालत आली आणि उंबऱ्यावर बसली. परसातील वाफा पाहून म्हणाली, "हे कुणी केलं?" मी म्हटले, मी केले. दाराशेजारी जो ओसाड तुकडा होता तो मी खणला असून त्यात पालक लावला आहे. विहिरीचे पाणी त्याला घालीत नाही. तुझ्या नळीतील जे पाणी उरते तेच घालतो. डॉक्टरांनी तिला रक्त कमी आहे असे सांगितले आहे, आणि पालेभाजीने रक्त वाढते, हे चौथीच्या पुस्तकात होते.

भाजी मी स्वतः शिजवितो. शिंप्याने खिडकीतून पाहून विचारले, "मुकादम, हौदात आता काय बुडवताय?" मी पातेल्यावर झाकण आदळले. परंतु काकू इतकी हसली की, तिला ठसका लागला. म्हणून त्याला क्षमा केली.

तुझा काका


३० एप्रिल

तीर्थरूप काका,

चुकलं माझं. कान पकडले. काकू उंबऱ्यावर येऊन बसली हे वाचून इथे सगळ्यांना सांगत सुटले. घाईत आहे, परगावी परिषदेला जायचंय. तिथे तुमच्याच नळीचे आकडे मांडायचेत. पाकिटं वेगळी पाठवलीत.

मिरी


८ जून

चिरंजीव मिरीस, काकांचे आशीर्वाद.

परिषदेत मांडलेले तुझे कागद वर्तमानपत्राप्रमाणे छापले जातात, असे ऐकून काकूला अभिमान वाटला. मलाही वाटला.

काकूची प्रकृती ढासळली आहे. सूज आता चेहऱ्यावरही दिसते. डॉक्टर म्हणतात की, मूत्रपिंडांना झालेली इजा जुनी आहे आणि ती परतविता येत नाही. पाणी शुद्ध झाले तरी असे का व्हावे, हे मी त्यांना विचारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडले नाही.

ती फारसे खात नाही. फक्त माझ्या हातचा पालक तेवढा खाते. मी ताट घेऊन बसलो की, मान फिरवीत नाही. म्हणून तो मी रोज करतो आणि तिच्यासोबत मीही तोच खातो. तुला खोटे वाटेल, पण असा पालक बाजारात मिळत नाही. पाने तळहाताएवढी, रंग काळपट हिरवा. याचे श्रेय तुला आहे. मागे तू वापरलेल्या पुडीवरून मला बोललीस म्हणून हे लिहिले नव्हते. आता राग राहिलेला नाही, म्हणून लिहितो. ती पूड मी दर रविवारी पालकाच्या मुळाशी घालतो. साल झाडाची आहे, ती मातीला परत केली. तू पाठविलेल्या वस्तूचा कणही या घरात फुकट गेला नाही, हे तुला कळावे.

सवड काढून येऊन जावे. काकू तसे म्हणत नाही, पण दारात पावले वाजली की मान वळवून पाहते.

तुझा काका


१३ जून

तीर्थरूप काका,

शिंप्यांच्या दुकानात फोन करून निरोप ठेवलाय, तो तुम्हाला मिळाला असेल. तरी पुन्हा लिहिते. वाफ्यातला पालक आजपासून बंद. काकूलाही नको आणि तुम्हालाही नको. मूत्रपिंडाच्या आजारात पालक तसाही चांगला नसतो, डॉक्टरांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

आणखी एक काम. वाफ्यातली झाडं मुळासकट उपटा. वरची वीतभर माती काढून घट्ट झाकणाच्या पिंपांत भरा. दोन पिंपं लागतील. हातमोजे घाला. यापुढे नळीतली जुनी पूडही त्याच पिंपात. आमच्या प्रयोगशाळेला मातीचा नमुना हवा आहे, म्हणून सांगतेय. बाकी काही नाही. माणूस येऊन पिंपं घेऊन जाईल.

मी पुढच्या आठवड्यात रजा घेऊन येते. काकूला सांगा, केस विंचरून येते.

मिरी


१७ जून

चिरंजीव मिरीस, आशीर्वाद.

शिंप्याने निरोप दिला होता. तुझे पत्रही मिळाले. सांगितल्याप्रमाणे सर्व केले आहे. झाडे उपटली, माती काढली, पिंपे भरून झाकणे ठोकून बसविली आणि भिंतीशी ठेवली.

विहिरीच्या पाण्याच्या नमुन्याला एक बाटली पुरली होती. मातीच्या नमुन्याला तू दोन पिंपे मागितलीस. कारखान्यात हौदांच्या तळाचा गाळ निघत असे, तो अशाच पिंपांत भरून झाकण ठोकले जाई. त्या वेळी हातमोज्यांवाचून कोणी हात लावलेला मला चालत नसे. मी तुला काही विचारीत नाही. तू येशील तेव्हाही विचारणार नाही. काकूसमोर हा विषय काढू नये, एवढीच माझी अट आहे.

वाफा रिकामा दिसला तेव्हा तिने विचारले. मी म्हटले, कीड लागली. लग्नानंतर मी तिच्याशी खोटे बोललो, अशी ही पहिलीच वेळ. ती म्हणाली, "बरं झालं. खरं सांगू? मला पालक कधी आवडलाच नाही."

मी विचारले, "मग रोज खात का होतीस?"

म्हणाली, "अहो, जन्मात कधी पेला उचलून ठेवला नाहीत. आता ताट घेऊन समोर बसायला लागलात. नको कशी म्हणू?"

लवकर ये.

काका


२६ सप्टेंबर

चिरंजीव मिरीस, आशीर्वाद.

तू जूनमध्ये आलीस आणि शेवटपर्यंत राहिलीस, काकूचे डोके तुझ्या मांडीवर होते, याबद्दल आभार मानणे औपचारिक होईल. तरीही मानतो. मला दुसरी रीत येत नाही.

घर व्यवस्थित आहे. तिचे कपडे तू घड्या करून ठेवलेस तसेच आहेत. कंगवा सापडत नव्हता, तो तू नेला असशील असे समजून शोधणे थांबविले आहे.

तू येथे होतीस तेव्हा आपण दोघेही त्या पिंपांजवळून अनेकदा गेलो. तू पाहात होतीस आणि मीही पाहात होतो. तुझ्यासमोर विचारणार नाही असे मी लिहिले होते व ते पाळले. तुझा माणूस पिंपे घेऊन गेला, त्यालाही आता बरेच दिवस झाले. माती तपासली गेली असेल. आता ज्याच्यापासून लपवावे असे कोणी या घरात उरलेले नाही, म्हणून लेखी विचारतो.

त्या मातीत किती होते, ते कळवावे. आकडा लिहावा. धीराचे शब्द लिहू नयेत. मी चौथी शिकलो आहे, आकडा मला वाचता येतो.

तुझा काका


१४ ऑक्टोबर

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

आकडा वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलाय. वरची ओळ वाफ्याची आणि खालची अंगणातल्या दुसऱ्या कोपऱ्यातली, म्हणजे तुलना करता येईल. फरक तुम्हाला दिसेल. पालकाच्या पानांचाही आकडा आहे. पालेभाज्या हा धातू मुळांतून ओढून घेतात आणि पालक जरा जास्तच ओढतो.

आता दोन गोष्टी, आणि दोन्ही खऱ्या आहेत. काकूची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं विहिरीच्या पाण्यानं गेली होती. पालक काही महिन्यांचा. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले, ते म्हणाले की ती या पालकाशिवायही फार दिवस काढणार नव्हती. ही एक. दुसरी अशी की, त्या पालकानं तिचे किती दिवस नेले, हे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. काहीच नेले नाहीत, असं मी लिहिलं तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असेल.

काका, आमच्याकडे वापरलेली पूड लाल झाकणाच्या पिंपात जाते. आल्या दिवसापासून हात आपोआप तिकडेच जातो. इतकं अंगवळणी पडलंय की तुम्हाला लिहायचं सुचलंच नाही. पाणी थेंबथेंब पडू द्या हे लिहिलं, नळी उभी टांगा हे लिहिलं. आणि वर 'नुसती साल आहे, निरुपद्रवी' असंही लिहिलं. नवी असताना. पुढचं लिहिलंच नाही. तुम्ही तर मार्चमध्येच लिहिलं होतंत की पूड वाया जाऊ देत नाही. मी विचारलं नाही, उलट तुम्हाला कंजूष ठरवून मोकळी झाले. परिषदेत तुमच्या नळीचे आकडे मांडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीही काकूनं पालक खाल्ला असेल.

मी रजेवरच आहे. सालींचा वास आला की आत पाऊल टाकवत नाही. वरिष्ठ म्हणतात, तुमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना नळ्या द्यायच्या आहेत, परत ये. मी त्यांना हो म्हटलेलं नाही.

एक विचारू? मी निघाले त्या दिवशी खिडकीतली नळी कोरडी होती. तुम्ही कुठलं पाणी पिताय?

कंगवा माझ्याकडे आहे.

मिरी


२ नोव्हेंबर

चिरंजीव मिरीस, काकांचे आशीर्वाद.

आकडा वाचला. समजला. तू लिहिलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली तू माझ्यासाठी लिहिलीस, दुसरी खरी आहे म्हणून लिहिलीस. दोन्हींबद्दल आभारी आहे, दुसरीबद्दल अधिक.

दोष कोणाचा, यावर तू बरेच लिहिले आहेस. मी त्यात भर घालणार नाही आणि त्यातला हिस्साही मागणार नाही. तू सांगितले नाहीस आणि मी विचारले नाही. तुला वाटले, हे कोणालाही ठाऊक असते. मला वाटले, मला सर्व ठाऊक आहे. काकूला काहीच ठाऊक नव्हते आणि ती ताटातले संपवीत होती. याहून अधिक हिशेब मला करवत नाही.

मीही तीच भाजी खाल्ली. मला काही झालेले नाही. याचे मला समाधान वाटत नाही, परंतु त्याला इलाज नाही.

तुझा प्रश्न पाण्याविषयी होता. ती गेल्यावर मी विहिरीचेच पाणी पीत होतो. एका माणसासाठी नळी भरावीशी वाटत नव्हती. आणखीही एक कारण होते, ते तू ओळखलेच असशील. तुझे पत्र आल्यावर खिडकीशी बराच वेळ बसलो. तू आत पाऊल टाकीत नाहीस आणि मी नळी भरीत नाही, हे दोन्ही एकच आहे, असे ध्यानात आले. ती असती तर दोघांचाही कान धरला असता. तेव्हा आज सकाळी पाकीट फोडले. जुनी पूड नळीतच वाळून घट्ट झाली होती. हातमोजे घालून ती दुसऱ्या पिंपात टाकली, झाकण ठोकले, नवी भरली. आता थेंब पडत आहे. मी माझ्या वाटचे केले आहे. तू तुझ्या वाटचे करावे. ही विनंती नाही.

गल्लीतील लोक नळीविषयी विचारतात. शिंप्याची सूनही परवा येऊन गेली. तिच्या घरामागेही वाफा आहे. तिला मी आत बोलावून सर्व सांगितले. काकूचेही सांगितले. ती रडू लागली. मी रडलो नाही, परंतु वाक्य पुरे करता आले नाही. पुढच्या घरी मला हे तोंडाने सांगता येईल, असे वाटत नाही.

म्हणून पाकिटावर छापण्याचा मजकूर लिहून सोबत जोडीत आहे. तुमच्या वरिष्ठांना दाखवावा. शुद्धलेखन तपासले आहे. शेवटची दोन वाक्ये त्यांना अनावश्यक वाटतील. ती कापू नयेत.

कंगवा तुझ्याकडेच असू दे.

तुझा काका

पाकिटावरील मजकूर:

ही पूड फळाच्या सालीची आहे. नवी असताना ती निरुपद्रवी आहे.

पाण्यातील विष ही पूड आपल्यात ओढून घेते. ते विष नाहीसे होत नाही. ते पुडीत राहते. म्हणून एकदा वापरलेल्या पुडीला साल समजू नये.

वापरलेली पूड मातीत, नाल्यात किंवा चुलीत टाकू नये. झाडाच्या मुळाशी घालू नये. झाकणाच्या पिंपात ठेवावी. ती नेण्यास माणूस येईल.

ठाऊक नसेल तर विचारावे, त्यात कमीपणा नाही.

वाफा हिरवागार झाला तर आनंद मानू नये.